एकाच नावाची एक्केचाळीस गाणी

रनाळ्यात आमच्या गल्लीत मंगलाबाई राहते. तीस वर्षं अंगणवाडी चालवून ती आता निवृत्त झाली आहे. गावातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली, म्हणून म्हातारेकोतारे सोडले तर सगळे तिला ताईच म्हणतात. नवरा पितांबर. त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, सप्ता असो, निवडणूक असो, भोंगे त्यांचेच. ते जाऊन सहा वर्षं झाली. मागे एक पत्र्याची पेटी राहिली आणि त्या पेटीत कॅसेटी.

त्या कॅसेटी बाजारातल्या नव्हत्या. लग्नघरी माइक लावला की तो नीट चालतो का हे बघायला पितांबरभाऊ बायांपुढे धरायचे आणि टेपचं बटण दाबून ठेवायचे. बाया हळदीची गाणी म्हणायच्या, मांडवाची म्हणायच्या, विहिणीला शिव्या द्यायच्या, ते सगळं त्यात आलं. वीस वर्षांतली गावची लग्नं त्या पेटीत होती म्हणा ना.

मंगलाबाईने दोन हिवाळे बसून त्या कॅसेटी कंप्युटरवर उतरवल्या. नंदुरबारला भूपेंद्रचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याने तिला वायर कुठे लावायची ते दाखवलं आणि गाणी ओळखणारं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. ते गाणं ऐकतं, इंटरनेटवर शोधतं आणि सिनेमा, गायक, वर्ष अशी चिठ्ठी गाण्याला लावून देतं. ज्याची ओळख पटत नाही त्याची चिठ्ठी आपण हाताने भरायची. घरच्या बायांची गाणी त्याला कुठून ओळखू येणार? तशी तीनशे सत्तर गाणी निघाली. मंगलाबाईने एकेकाला नाव दिलं. हळदीचं असेल तर 'हळद', मांडवाचं असेल तर 'मांडव', आणि गायक म्हणून 'गजराबाई आणि बाया'. अकरा प्रकार झाले; एकट्या 'हळद' नावाचीच एक्केचाळीस गाणी. कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या तिने भंगारात देऊन टाकल्या.

मग एक दिवस सॉफ्टवेअरनेच विचारलं, एकसारखी गाणी सापडली आहेत, एक ठेवून बाकीची काढायची का? अंगणवाडीच्या रजिस्टरात एका मुलाचं नाव दोनदा आलं तर दुसरं खोडायचं, ही सवय हाताला तीस वर्षांची. तिने 'हो' दाबलं. वर कचरापेटी भरलेली दिसली, तीही रिकामी केली. घरात कचरा साठलेला तिला खपत नाही.

हे मला पुढे कळलं. तिला स्वतःला कळलं ते चैत्रात, रुपा आली त्या दिवशी.

रुपा म्हणजे गजराबाईची मुलगी. नंदुरबारला दवाखान्यात नर्स आहे. मंगलाबाई तिच्या आईची जोडीदारीण, म्हणून ती तिला ताई नाही, मावशी म्हणते. गजराबाई गावात पुढे होऊन गाणारी. तिने आवाज उचलल्याशिवाय दुसऱ्या बाया तोंड उघडायच्या नाहीत. रुपा बारा वर्षांची असताना ती कावीळ होऊन गेली. रुपाचं लग्न ठरलं होतं, हळदीला चोवीस दिवस होते. मी तेव्हा तिथेच मिरच्यांची देठं खुडत बसले होते.

"मावशी, मायनं ते गानं दे ना," रुपा म्हणाली. "काकानी हळदनं. ज्यामा ती मन्हं नाव लेस."

हे बाहेरच्या वाचणाऱ्याला सांगायला हवं. आमच्याकडे हळदीचं गाणं एकच, चाल एकच, पण प्रत्येक घरी नावं वेगळी. नवरदेवाचा बाप, आई, काका, मामा, भाऊ, मग करवल्या आणि लहान पोरं, सगळ्यांची नावं त्यात ओवायची. एक नाव राहिलं तर तो माणूस जेवायला बसत नाही. रुपाच्या काकाच्या, हेमकांतच्या, लग्नात रुपा चार वर्षांची होती, करवली होती. तिच्या आईने तिचं नाव घेतलेलं गाणं जगात एवढं एकच.

मंगलाबाईने 'हळद' उघडलं. त्यात एकच गाणं होतं. लावलं. गजराबाईचा आवाज भरला घरात, रुपाने पदर तोंडाला लावला. पण नावं निघाली ती खालच्या आळीतल्या धुडकूच्या घरची.

"हाई आपलं नही, मावशी. दुसरं लाव."

दुसरं नव्हतंच. मंगलाबाईने अकराच्या अकरा नावं उघडून बघितली. प्रत्येकात एकेक. नाव एक म्हणजे गाणं एक, असं सॉफ्टवेअरने धरलं होतं. खोटं बोलायची तिला सवय नाही. तिने रुपाला सगळं सांगितलं. काय दाबलं, काय रिकामं केलं, कॅसेटी कुठे गेल्या.

रुपा उठली. "मन्ही मायले तू कचरापेटीमा टाकी दिधं, मावशी."

मला वाटलं आता ही म्हातारी रडणार. ती रडली नाही. म्हणाली, "टाकी दिधं ते उचली भी आनसू. तू हळदनी तयारी कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापाशी दिवा लावून ती कंप्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून रिक्षाने नंदुरबारला गेली. भूपेंद्रने आधी विचारलं, "ताई, पुसल्यानंतर यावर काही नवीन भरलं का?"

"नही."

"मग आशा आहे. पुसलेलं लगेच जात नाही, फक्त त्याचं नाव जातं. वर दुसरं काही लिहिलं की मग जातं. पण एक सांगतो, परत आलेल्या गाण्यांना नाव नसेल. नुसता नंबर."

"नंबर दे तू. नाव मी दिसू."

दोन दिवसांनी सहाशे फाइली परत आल्या. त्यात तिने मागे कधीतरी काढून टाकलेली सिनेमाची गाणीही होती. भूपेंद्रने ते ओळखणारं सॉफ्टवेअर परत फिरवलं आणि त्याने इमानाने काम केलं हे मान्य करायला हवं. दोनशे सत्तेचाळीस सिनेमाची गाणी भराभर ओळखून बाजूला काढली. एका हळदीच्या गाण्याला मात्र त्याने कुठल्याशा गरब्याचं नाव लावलं. मंगलाबाई एवढी चिडली की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "गजराबाई कव्हय गयी व्हती गरबा गावाले? मिटाड ते नाव!"

भूपेंद्र हसत म्हणाला, "ताई, त्याला तुमची गजराबाई माहीत नाही."

"मंग ज्याले माहीत नही त्यानी गप बठाले पाहिजे."

ते खोडल्यावर राहिली तीनशे त्रेपन्न. पुसली होती तीनशे एकोणसाठ. म्हणजे सहा कायमची गेली होती, आणि रुपाचं त्या सहांत आहे की नाही हे ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं. पुसताना प्रकार बघितले होते, आता ती माणसं बघणार होती. गाण्याला नाव द्यायचं ते घराचं, असं तिने ठरवलं.

तिच्याकडे एक खूण होती. गजराबाईला वाचता येत नव्हतं. लग्नघरचे नावांची चिठ्ठी लिहून द्यायचे आणि मंगलाबाई शेजारी बसून एकेक नाव गजराबाईच्या कानात सांगायची. माइक समोरच असायचा. त्यामुळे प्रत्येक नावाच्या आधी तिची कुजबूज टेपमध्ये आलेली होती. पूर्ण गाणं ऐकायची गरज नव्हती. कुजबूज आली की ती थांबायची, पहिली दोन नावं ऐकायची आणि घर लिहायची. पण एकाच नावाची माणसं गावात चार, म्हणून घर नक्की करायला कधी तासभरही लागायचा. जिथे वीसेक सेकंद पुढे-मागे करून कुजबूज ऐकू यायची नाही, ते गाणं दुसऱ्या गावाहून आलेल्या बायांचं धरून ती 'परगाव' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची. सुरुवातीला सगळ्या बाया एकदमच गातात, नुसत्या आवाजावरून काही कळत नाही.

सकाळचा स्वयंपाक उरकला की ती कानाला हेडफोन लावून बसायची ते उन्हं कलेपर्यंत. मी एकदा विचारलं, "कंटाळा नही येस का वं?" तर म्हणाली, "अठरा वरीस मी तिना कानमा बोलनू. आते ती मन्हा कानमा बोली ऱ्हायनी."

विसाव्या दिवशी गाणी संपली. हळदीची चौतीस सापडली, चौतीस घरांची. रुपाचं त्यात नव्हतं.

रुपा आली ती मेंदीचे कोन घेऊन. राग कधीच ओसरला होता. "जाऊ दे मावशी. सहामा गयं व्हई. नशीब मन्हं." तिने मंगलाबाईच्या पायांना तेल लावून दिलं, कारण बसून बसून ते सुजले होते.

"नशीबनं माले सांगू नको," मंगलाबाई म्हणाली. "पुन्हा ऐकसू."

पण पुन्हा काय ऐकायचं, हे तिलाही माहीत नव्हतं. चौतीसच्या चौतीस तिने दोनदा तपासली होती.

त्याच दुपारी रुपाची काकू आली. हेमकांतची बायको, म्हणजे ज्या लग्नाचं गाणं शोधत होतो त्यातली नवरी. आता हळदीला पुढे होऊन गाणारी तीच होती. मंगलाबाईने वही ओढली. "नावे सांग, चिठ्ठी लिखी देस. मी बठसू तुना जोडे, कानमा सांगाले."

काकू खळखळून हसली. "माले कसाले चिठ्ठी? मन्हंच घर शे. घरनी बाईले घरना नावे कोन सांगस वं?"

मंगलाबाईच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मग ती उठली. सुजलेल्या पायांनी एवढ्या झटकन उठलेली मी तिला बघितली नव्हती. गजराबाईने आपल्याच दिराच्या हळदीला गायलं, तेव्हा तिला नावं कोण सांगणार होतं? त्या गाण्यात कुजबूज असणारच नव्हती. आणि कुजबूज नाही म्हणून वीस दिवस मंगलाबाई स्वतःच असली गाणी बाजूला टाकत आली होती.

'परगाव'मध्ये अठ्ठावन्न गाणी होती. या वेळी तिने पुढे-मागे केलं नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं ठरवलं आणि हेडफोनची वायर काढून टाकली, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. सतरावं लागलं.

गजराबाईच. सासऱ्याचं नाव, सासूचं नाव, मामाचं नाव, न अडखळता, भराभर. मग थोरल्या भावाचं नाव घ्यायची पाळी आली आणि आवाज थांबला. नवरदेवाचा थोरला भाऊ म्हणजे तिचाच नवरा, वीरसिंग. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. ढोलकी नुसतीच वाजत राहिली. मग एक बाई हसली, दुसरी हसली. "ले ना वं, ले!" गजराबाई म्हणते, "मी नही वं माय!" आणि सगळ्यांच्या वरून मंगलाबाईचा तरणा आवाज, कुजबूज नाही, चांगली ओरड: "वीरसिंग! वीरसिंग नाव शे त्यानं!" हशाचा फवारा उडाला. आणि त्या हसण्यातूनच, श्वास नीट लागलेला नसताना, गजराबाईने पुढची ओळ उचलली.

"रुपाबाई करवली, तिना हातमा तेलनी वाटी."

रुपाने हात पुढे करून ते मागे नेलं आणि परत लावलं. तिसऱ्या वेळी ती उठून वडिलांना बोलवायला गेली. वीरसिंगभाऊ आले, उंबऱ्यापाशीच बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. बायकोची ती अडखळ आली, तसे खाली बघून हसले. "तव्हय बी नही लिधं तिनी नाव," एवढंच म्हणाले.

मंगलाबाईने चिठ्ठी भरायला घेतली. शीर्षक: वीरसिंग-हेमकांतच्या घरची हळद, रनाळे. वर्ष: २००१. गायक: गजराबाई आणि बाया.

"'आणि बाया' काढ," रुपा म्हणाली. "कोन कोन बाया ते लिख. उद्या कोनी दुसरी मायनी आंडेर ईसन इचारी."

मंगलाबाईने तिच्याकडे बघितलं आणि दोन शब्द मिटवले. मग आम्ही चौघी बसलो आणि तो हशाचा तुकडा फिरफिरून ऐकला. गाताना आवाज मिसळतात, हसताना नाही मिसळत. ही धापा टाकत हसते ती बन्सीलालची आई. ही किंचाळते ती काकूची नणंद. मागे खोकून हसली ती माझी सासू, मी लगेच ओळखली. देव तिला सुखात ठेवो. अशी आठ नावं झाली.

नवव्या बाईचं हसू कुणालाच ओळखू येईना. बारीक, घुंगरासारखं, शेवटी गिळून टाकलेलं. काकू म्हणाली, "अनोळखी लिखी टाक ना. हळद परवा शे."

"ते यंत्र लिखस अनोळखी," मंगलाबाई म्हणाली. "ती आपला घरमा बठीसन हसेल शे."

तिने तो तुकडा रुपाकडून मोबाइलमध्ये घेतला. ऊन अजून बरंच होतं. पदर डोक्यावर घेतला, पायात चपला सरकवल्या आणि पहिलं दार वाजवलं ते धुडकूच्या घरचं.