उघडे तळहात

संस्थानच्या कचेरीतला एक कारकून रोज सकाळी जव्हारच्या तळ्याकाठी डोळे मिटून, तळहात आभाळाकडे उघडे ठेवून बसायचा. माझी घागर वाजली, की त्याच्या कपाळाला आठी पडे. "बाई, मन रितं केल्याशिवाय देवाचं प्रेम आत उतरत नाही," असं त्यानं मला एकदा बजावलं होतं.

एके दिवशी जामसरच्या पाड्यावरची एक म्हातारी बाजाराला चालली होती. नव्या नागलीची भाकरी देवाला दाखवली, की वाटेत भेटेल त्याला घास द्यायचा, ही तिच्याकडची रीत. तिनं त्याच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला. "देवाला दिला, आता तू खा."

"विटाळ केलास!" तो ओरडला. तुकडा भिरकावून त्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि पुन्हा तसाच बसला.

म्हातारीनं मला हळूच विचारलं, "रोज बसतो का गं हा? आणि कुणीच काही देत नाही?"