आतून लागणारी कडी

बाई गेल्या त्याला आठ महिने झाले. आमच्याकडच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. मांडी घातलेली, कपाळावर भस्माचे पट्टे, पाठ ताठ. शनिवारच्या बैठकीला त्या अशाच बसायच्या. मूठभर माती टाकताना मला उगाचच वाटलं, आता विचारतील, "बोला, आधी कोण बोलणार?"

हा प्रश्न मी अकरा वर्षं ऐकला. बाई बीडच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी त्यांनी संस्था काढली होती. कापड दुकानाच्या वर दोन खोल्या, खाली एसटीडीची पिवळी पाटी. मी औरंगाबादला कायदा शिकून आलो होतो, पण कोर्टात उभं राहून बोलणं मला जमत नव्हतं. बाईंनी मला आतल्या खोलीत टेबल दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही लिहा. बोलणारे पुष्कळ आहेत." आलेल्या प्रकरणांचे कागद वाचायचे, कायदा कुठे अपुरा पडतो ते त्यातून काढायचं आणि मुंबई-दिल्लीच्या समित्यांना कळवायचं, हे माझं काम. कार्यालयात त्याला 'वरचं काम' म्हणत. बायका मला वकील भाऊ म्हणत. काळा कोट मी कधी घातला नाही.

बाईंची कामाची पद्धत ठरलेली होती. एखादी बायको तक्रार घेऊन आली की तिच्या नवऱ्याला पोस्टकार्ड जायचं. शनिवारी तो चार नातेवाईक घेऊन यायचा. बाई दोन्हीकडचं ऐकून घ्यायच्या, त्याला शाळेतल्या पोरासारखं बोलायच्या आणि शेवटी स्टॅम्प पेपरवर, ज्याला आमच्याकडे सगळे बाँड म्हणतात, लिहून घ्यायच्या: यापुढे हात उचलणार नाही. मग त्याच्या बायकोची ओटी भरायच्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. बाई स्वतः विधवा. त्यांनी ओटी भरण्यावर गावात बोलणं झालं, पण त्या कुणाला उत्तर द्यायला गेल्या नाहीत. "हिला माहेर नाही, तर आपण माहेर," एवढंच म्हणायच्या. ती नवऱ्याबरोबर निघून गेली की रजिस्टरात तिच्या नावापुढे मी लाल शाईनं लिहायचो: नांदायला गेली. पुढे ते पान कुणी उघडत नसे.

एके दिवशी खालच्या एसटीडीवाल्यानं फॅक्सचा गुंडाळा वर आणून दिला. घरातल्या मारहाणीवर नवा कायदा करायचं चाललं होतं, त्याचा मसुदा होता. जिल्ह्याजिल्ह्यांतून अनुभव मागवले होते. त्यात एक कलम असं, की कोर्टानं बाईला संरक्षण देण्याआधी नवरा-बायकोनं समुपदेशनाला बसणं सक्तीचं. मोठ्या शहरांतल्या संस्था त्याला विरोध करत होत्या. बाईंना ते कलम मनापासून पटलं. "हे तर आपण कधीपासून करतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही आपला अनुभव लिहा. एक-दोन घरी जाऊन या, म्हणजे लिहिण्यात जीव येईल."

मी चौसाळ्याचं एक पान निवडलं. हमरस्त्यावर किराणा दुकान असलेलं घर. दोन वर्षांपूर्वी सून आमच्याकडे आली होती, समझोता होऊन परत गेली होती. एसटीतून उतरलो तेव्हा दुपार होती. गल्ल्यावर तीच बसली होती. मला ओळखून उठली. दारातल्या बाजेवर तिचा चुलत सासरा बसला होता. त्यानं मला खालवर पाहिलं.

"वकील, तुमी बायकांच्या हाफिसात काय करता बे दिवसभर?"

"लिहितो."

"काय लिवता?"

"ऐकतो ते."

"मग आमचं बी लिवा. चौसाळ्यात गिऱ्हाईकाला तोंड लई अन् खरेदी न्हाई." तो स्वतःच हसला. मग सुनेला म्हणाला, "माहेरचा माणूस आलाय तुझा. च्या कर."

नवरा माल आणायला बार्शीला गेला होता. ती मला मागच्या खोलीत घेऊन गेली. एक लोखंडी पेटी, दोन पोरींची दप्तरं, दोरीवर कपडे. तिनं स्टोव्ह पेटवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"कावून आलात भाऊ?"

"कसं चाललंय ते विचारायला."

"दोन वर्सांनी?"

तिनं चहा गाळला, कप पुढे ठेवला आणि दाराकडे बोट केलं. चौकटीच्या लाकडात चार भोकं होती.

"हितं कडी हुती. आतून. पिऊन आला की मी पोरींना घेऊन आत बसायची. तो बाहेरून शिव्या द्यायचा अन् झोपायचा. गेल्या साली त्यानं उपसून काढली. आता कडी न्हाई."

"मग तुम्ही आमच्याकडे का आला नाहीत?"

"कशी येऊ? बाईंनी वटी भरून लावून दिलं. सगळ्या बैठकीसमोर. परत मार खाऊन गेले आस्ते तर बाईंचं नाक कापलं आसतं. म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. काहीतरी म्हणायचं म्हणून मी विचारलं, तुम्हाला काय हवंय? नवऱ्यावर पोलीस केस करता येईल, पोटगी मागता येईल.

"त्याला जेलात घालून मी काय करू? दुकान मी बघते. पोरी हितल्या शाळेत हायेत. मला घर सोडायचं न्हाई. मला ही खोली पायजे, अन् आतून कडी पायजे. तेवढं तुमच्या कायद्यात बसवा."

तेव्हाच्या कायद्यात ते बसत नव्हतं. नवऱ्याला शिक्षा होती, पोटगी होती, खोली नव्हती. परतीच्या एसटीत मी हे वहीत लिहिलं. ओटीचं लिहिलं नाही.

पुढचे चार दिवस मी टिपण लिहिलं. चांगलं झालं होतं. समझोत्याची पद्धत, बैठक, बाँड, सक्तीच्या समुपदेशनाला आमचा पाठिंबा. चौसाळ्याच्या घराचा एक परिच्छेद होता, त्यात दुकान होतं, पोरींची शाळा होती. पाचव्या दिवशी बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चौसाळ्याची पोर खुशाल आहे का नाही, ते यात कुठं आहे?"

मग मी सांगितलं. कडीचं, आणि ओटीचंही. खाली दुकानदार गिऱ्हाइकासाठी कापड फाडत होता, त्याचा आवाज वर येत होता.

"ओटी भरली म्हणून आली नाही?"

"हो."

"अशा किती असतील?"

"माहीत नाही. एकदा पाठवल्यावर आपण विचारलंच नाही."

"आणि तुम्ही मला चार दिवस का सांगितलं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"म्हणजे तुम्हीही तिच्यासारखेच," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझं मन सांभाळायला सगळे बसलेत, आणि ती तिथं दार धरून बसते."

त्यांनी टिपणाचे कागद माझ्याकडे सरकवले. सही केली नाही.

त्या आठवड्यात शनिवारची बैठक बाईंनी पुढे ढकलली. माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच. आम्ही सकाळच्या गाडीनं चौसाळ्याला गेलो. स्टँडजवळच्या सुताराला बाईंनी बरोबर घेतलं, त्याच्याकडूनच एक जाड कडी निवडली. दुकानात या वेळी नवरा होता. बाईंना पाहून तो उठला, नमस्कार केला, खुर्ची पुसली.

"बाई, समझोता झालाय की आपला. बाँड हाय."

"बाँड मीच लिहून घेतलाय. तो अपुरा लिहिला गेला," बाई म्हणाल्या. "मी तिची खोली बघायला आलेय. तिथं कडी बसवायची आहे."

तो हसला. "माझ्या घरात खिळा ठोकायचा तर मला विचारावं लागंल."

"म्हणून तर आले. सगळ्यांदेखत विचारते. नाही म्हणायचं असेल तर तुम्हीपण सगळ्यांदेखत म्हणा. कडी का नको तेही सांगा."

गिऱ्हाइकं थांबली होती. समोरच्या हॉटेलातले दोघेतिघे रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. नवऱ्यानं बाजेकडे पाहिलं. सून तागडीत साखर घालत होती, ती घालत राहिली. शेवटी बाजेवरून चुलत सासरा म्हणाला, "बसव रे कडी. हमरस्त्यावर तमाशा नको. दुकान चालवायचं हाय आपल्याला."

सुतारानं जुनी भोकं सोडून वीतभर वर कडी बसवली. बाई आत गेल्या, दार लावून घेतलं, कडी घातली आणि आतून मला म्हणाल्या, "ढकला." मी हातानं ढकललं. "असं नाही. तो ढकलेल तसं." मी खांदा लावला. दार हललं नाही.

निघताना बाई सुनेला म्हणाल्या, "ही तुटली तर तू ये. माझं नाक कापलं जाईल ते मी बघते."

टिपण मी नव्यानं लिहिलं. आमची पद्धत होती तशी सांगितली, आणि त्या पद्धतीमुळे एक सून दोन वर्षं परत येऊ शकली नाही, म्हणून समुपदेशन सक्तीचं नसावं, असं लिहिलं. घरात राहण्याचा हक्क मागितला. बाईंनी 'घरात' या शब्दाच्या वर पेन्सिलीनं लिहिलं: आतून कडी लागणाऱ्या खोलीसह. मी म्हणालो, कायद्यात असं लिहीत नाहीत. त्या म्हणाल्या, "समितीतल्या लोकांना नुसतं घर म्हटलं तर आपापलं घर दिसणार." ते राहू दिलं. त्यांनी सही केली. समितीकडून पोच आली, छापील. पुष्कळ वर्षांनी कायदा झाला तेव्हा त्यात राहत्या घराचा हक्क होता. आमचा कागद कुणी वाचला होता की नाही, कळायला मार्ग नाही.

कडी बसवल्यावर पाचेक महिन्यांनी, कार्यालय उघडायच्या आधीच, ती दोन्ही पोरींना घेऊन जिन्यात बसलेली दिसली. पोरींच्या पाठीला दप्तरं होती. तिच्या कपाळावर सूज होती.

"बाई, कडी शाबूत हाय," ती म्हणाली. "चौकट उपटली."

बाईंनी तिला आत घेतलं. पोस्टकार्ड लिहायला सांगितलं नाही. तिला विचारलं, कुठं राहायचंय. ती म्हणाली, तिथंच. तिला त्या घरातून काढू नये म्हणून आम्ही दिवाणी कोर्टात अर्ज केला. तात्पुरता हुकूम मिळाला, पुढे तारखा पडत गेल्या, ती राहत गेली. नवी चौकट लोखंडी केली. ती बसवायला बाई पुन्हा चौसाळ्याला गेल्या. मला चला म्हणाल्या होत्या. मी म्हणालो, समितीला पुरवणी टिपण पाठवायचंय, आणि आतल्या खोलीत लिहीत बसलो. ते टिपण दुसऱ्या दिवशी गेलं असतं तरी चाललं असतं.