डब्यातलं तेल परत इंजिनात?

गेल्या शनिवारी कट्टा गावच्या गॅरेजमध्ये मी चांगलीच ओशाळले. दुसऱ्या दिवशी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं. घाट चढायचा म्हणून सकाळची शाळा सुटल्यावर गाडी एकदा दाखवायला गेले...

गाडी जुनी, डिझेलची. इंजिनच्या आतली वाफ बाहेर पडायला एक पाइप असतो, ब्रीदर म्हणतात त्याला. त्या वाफेबरोबर थोडं ऑइलही येतं. ते इकडेतिकडे जाऊ नये म्हणून पुण्याच्या भावाने मे महिन्यात पाइपला एक छोटा डबा बसवून दिला होता. "डबा भरला की गाळून परत घाल, ऑइलच आहे ते," असंही सांगून गेला होता.

मला ते पटलं. आमच्या घरी तळणीचं तेलसुद्धा गाळून ठेवतात, मग एवढं महागाचं ऑइल फेकायचं कसं? दोनदा जुन्या ओढणीच्या फडक्यातून गाळलं आणि इंजिनात ओतलं. दुसऱ्या खेपेला डबा फारच लवकर भरला होता, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही...

गॅरेज दत्ताराम मेस्त्रींचं. साठीचा माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा बुडवली. मग बोटांवर ऑइल घेऊन वास घेतला.

"बाई, ऑइल खुणेच्या खूप वर इला. वास पण डिझेलचो येता. डिझेलच्या पंपातसून डिझेल ऑइलात उतरता आसा वाटता. पंप खोलूक होयो. दोन-तीन दिवस गाडी हयच रवांदे."

ऑपरेशनची तारीख महिनाभराने मिळालेली. आणि ऑइल वर का आलं, ते तर मला माहीत होतं! पण सांगू कशी? गावात सगळे शाळेतल्या बाई म्हणून मान देतात, त्यात गॅरेजमधली दोन गिऱ्हाइकं माझ्याच विद्यार्थ्यांचे वडील...

मेस्त्री कितीतरी वेळ पट्टीच पुसत राहिले. त्यांनी पाना उचलला, तेव्हा मात्र राहवलं नाही. "थांबा मेस्त्री. डब्यातलं ऑइल मीच परत ओतलंय. दोनदा."

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. डबा सोडवला आणि आतलं ऑइल मला दाखवलं. दूध घातलेल्या चहासारखा रंग. मग एक जुना पत्रा स्टोव्हवर तापवला आणि त्यावर दोन थेंब सोडले. तडतड तडतड... फोडणीत पाण्याचा थेंब पडावा तसं.

"ह्या पाणी. तुमची गाडी घराकडसून शाळेत, शाळेतसून घराक. धड तापता खंय? पाणी आनी डिझेलची वाफ सगळी ह्या डब्यात. इंजिन जा भायर टाकता, ता परत तेच्या पोटात कित्याक घालतास?"

मग एक वाक्य बोलले, ते डोक्यातून जात नाही. "तुमी घालतास म्हणान ता जास्त येता, आनी जास्त येता म्हणान तुमी घालतास."

अशी जास्त ऑइल झालेली डिझेल गाडी त्यांनी एकदा फोंडाघाटात पाहिली होती. चढावर इंजिन स्वतःचंच ऑइल डिझेलसारखं ओढून जाळू लागलं आणि सुसाट सुटलं... चावी काढली तरी बंद होईना. आमच्या गाडीत मागच्या सीटवर आई बसलेली असती!

पंप खोलायची वेळ आली नाही. सगळं ऑइल काढून टाकलं, नवीन भरलं, फिल्टर बदलला. पट्टीवर ऑइल बरोबर खुणेशी आलं. डब्यातलं ऑइल त्यांनी जळक्या ऑइलच्या पिंपात ओतलं. "हजार किलोमीटरान परत दाखवा. तेव्हा पण डबो असोच भरलो, तर मग इंजिन बघूया. पण सांगलात ता बरा केलात. नायतर मिया पंप उगाच खोललो असतो."

रविवारी घाट आरामात चढलो. सोमवारी ऑपरेशन झालं. डोळ्याची पट्टी सुटल्यावर आईने आधी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "गो, किती वाळलंस!"

तुमच्या गाडीलाही असा डबा असेल, तर त्यातलं ऑइल परत घालू नका. आणि घातलंच असेल, तर मेकॅनिकला पहिल्यांदा तेच सांगा. मला ते सांगायला दहा मिनिटं लागली... मेस्त्रींनी तेवढा वेळ पट्टी पुसण्यात घालवला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.