विहिरीचा मुहूर्त

सत्तरच्या दशकाच्या आरंभी, दुष्काळाच्या दिवसांत, मी तिसगावच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि पौरोहित्यही करीत असे. एके दिवशी मधल्या सुटीत आमच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी एक वाक्प्रचार सांगितला. नुसती आश्वासने देणाऱ्या माणसाबद्दल इंग्रजीत म्हणे ‘टोपी भली मोठी, गुरे मात्र नाहीत’ असे म्हणतात. गुरांच्या मालकासारखी रुंद काठाची टोपी घालून मिरवायचे आणि दावणीला वासरूसुद्धा नाही! आम्ही मनमुराद हसलो. प्रत्येकाने गावातला एकेक पुढारी त्या टोपीखाली बसवला. मी तर दोघे बसवले.

तेवढ्यात एक शेतकरीण रिकामी घागर घेऊन दारात उभी राहिली. तिच्या मळ्यातल्या नव्या विहिरीला, परमेश्वराच्या कृपेने, त्या वर्षीही पाणी लागले होते. परंतु पूजा झाल्याखेरीज ते कोणी तोंडाला लावायचे नाही, असा तिच्या सासऱ्यांचा नेम होता. पूजेला येण्याचे मी कबूल केले होते.

“गुरुजी, कवा येताय?”

“येतो हो बाई. आज व्यतीपाताचा अशुभ योग आहे, तेवढा टळू दे.”

“आदी भद्रा हुती. मंग आवस आली. आता ह्यो कोन नवा पाव्हना? पानी हिरीत हाय आन् मी कोसभर घागर वाहती! मामंजी म्हनत्यात, गुरुजींनी सबूद दिलाय, येत्याल.”

इंग्रजीचे शिक्षक एकाएकी खिडकीबाहेरचा लिंब न्याहाळू लागले.

खरे कारण पंचांगात नव्हतेच. मळा दीड कोस दूर होता आणि ऊन फार होते. संकल्प हातावर पाणी घेऊन करावयाचा असतो. मी तो केवळ तोंडाने केला होता.

अर्ध्या दिवसाची रजा मागून, नारळ आणि कुंकू घेऊन मी तिच्याबरोबर निघालो.

“आन् त्यो यतीपात?” वाटेत तिने विचारले.

“देव सांभाळून घेईल.”

“द्येव तर कालबी हुताच की, गुरुजी!”

मी भराभर पावले उचलली.

सासरे विहिरीच्या काठावर बसूनच होते. पूजा झाली. त्यांनी ओंजळीत तीर्थ घेतले, डोळे मिटले. मग सुनेने बादली शेंदली, पोटभर प्याली, उरलेले तोंडावर मारून घेतले आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

“घ्या गुरुजी. उनाचं लांबनं आलाय.”