मुजावर सरांचं नाकारलेलं पेटंट

मुजावर सरांचं पेटंट मी घालवलं.

हे आधीच लिहून टाकतो, कारण काल उंब्रजला सरांची माती झाल्यापासून माझ्या टाइमलाइनवर "पेटंटधारक शास्त्रज्ञ" असे फोटो येऊन पडतायत.

सरांना पेटंट मिळालं नव्हतं. अर्ज नाकारला गेला.

ज्यांना हे चांगलं माहीत आहे, तेच सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहितायत. डोकं फिरतं.

सरांना न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. ते आम्हाला एमएस्सीला केमिस्ट्री शिकवायचे. त्यांनी तांब्याचं एक नवीन कॉम्प्लेक्स बनवलं होतं, द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी. मधे तांबं, आणि त्याला चार बाजूंनी धरून ठेवणारा एक सेंद्रिय रेणू.

"तांबं मोकळं सोडलं की पान जाळतंय," सर म्हणायचे. "धरून ठिवलं की गुमान काम करतंय."

एवढी एक गोष्ट जमवायला त्यांची निम्मी नोकरी गेली.

माझी बाग तासगावजवळ. सरांनी औषध चाचणीला माझ्या बागेत दिलं, त्या वर्षी छाटणीनंतर पावसानं उघडीपच दिली नाही. शेजारच्या बागांत घड कुजून गेले. माझी बाग सरांच्या औषधावर उभी राहिली.

मग मी शहाणपणा केला.

सरांचा वाढदिवस आला. आपल्याकडे वाढदिवस म्हणजे फ्लेक्स. लोक मागे वाघ-सिंह टाकतात, मी सरांच्या डोक्यामागे त्यांचा रेणू टाकला. स्वतः काढलेला. लोकांना थाप वाटू नये म्हणून खाली कृतीही छापली. काय घ्यायचं, किती घ्यायचं, किती वेळ तापवायचं.

स्टँडसमोर लावला. फोटो काढला. याच प्रोफाइलवर टाकला.

सर एसटीतून उतरले. चष्मा लावून फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला.

"लय भारी काढलाईस रं," म्हणाले. मग हळूच, "पण आजच उतरव गड्या. अर्ज अजून गेला न्हाई."

पेटंटचा नियम मला तेव्हा कळला. अर्ज करायच्या आधी शोध चारचौघांत उघड झाला, की तो नवा धरत नाहीत. मग तो तुम्हीच का लावलेला असेना.

फ्लेक्स मी तासाभरात उतरवला.

फोटो तसाच ठेवला. लाईक येत होते ना.

आता विचारा, अर्ज का गेला नव्हता?

कारण फाइल प्राचार्यांच्या टेबलावर पडून होती. कॉलेजची एनओसी लागत होती, आणि साहेबांना संशोधक म्हणून स्वतःचं नाव हवं होतं. तेही पहिलं.

"साहेब, तुमी लॅबमधी कवा आला हुता?" सरांनी एवढंच विचारलं.

फाइल तिथंच राहिली. सर रिटायर झाले तेव्हा कुठं सुटली आणि अर्ज गेला. आज सरांना शाल घालतानाचा स्वतःचा फोटो टाकून "आमच्या महाविद्यालयाची शान" लिहिणारे तेच. साहेब, वाचताय ना? ती पोस्ट काढा.

पुढं अर्जाची तपासणी सुरू झाली. पेटंट ऑफिसनं विचारलं, तांब्याची औषधं तर पूर्वीपासून आहेत, यात नवीन काय? सरांनी एकेका मुद्द्याला उत्तर दिलं, आकडे दिले, आलेख दिले. अर्ज लिहून देणाऱ्या पेटंट एजंटनं क्लेममध्ये, म्हणजे हक्क सांगायच्या यादीत, जस्त, मँगनीज, लोखंड सगळंच घालून ठेवलं होतं. सरांनी तांबं सोडून सगळ्यावर काट मारली.

"जे मी बनवलंच न्हाई, त्येच्यावर हक्क कसा सांगू?"

मला तेव्हा रागच आला होता. दुसऱ्याच्या कामावर लोक नावं घालून घेतायत, आणि हा माणूस स्वतःच्या अर्जातले धातू कमी करतोय.

मग एका कंपनीनं या अर्जाला विरोध केला. पुरावा एकच जोडला.

माझी फेसबुक पोस्ट. तारखेसकट.

सुनावणी ऑनलाइन झाली. दोन महिन्यांनी सरांचा फोन. "नाकारलं रं. सोड आता." मी रडलो, माफी मागितली. ते यंदा माल कसा आहे ते विचारत बसले.

काल मातीहून सरांच्या घरी परतल्यावर त्यांच्या मुलीनं, रेश्मानं, मला बाजूला घेतलं. सुनावणीला लॅपटॉप लावून तीच त्यांच्या शेजारी बसली होती.

"दादा, अब्बा तुम्हाला सांगू नको म्हणाले होते," ती म्हणाली. "एजंटनं वाट काढली होती. फ्लेक्सवरचं चित्र चुकीचं आहे, एवढंच म्हणा म्हणाला. हौशी पोरानं कायतरी काढलंय, त्यावरून हे संयुग कुणाला कळणार नाही. चित्रच चुकीचं, तर उघड काही झालंच नाही."

"मग?"

"अधिकाऱ्यांनी स्क्रीनवर तुमचा फोटो दाखवला. हे तुमचंच संयुग का, विचारलं. अब्बांनी चष्मा पुसला. नीट बघितलं. म्हणाले, व्हय, माझंच. माझ्या विद्यार्थ्यानं काढलंय. एकबी बंध चुकला न्हाई."

मी त्यांच्या पायरीवरच बसलो.

कालपासून संतापलोय. प्राचार्यांवर. त्या कंपनीवर. स्वतःवर तर आहेच.

आणि सर, खरं सांगू? सगळ्यात जास्त तुमच्यावर.

हयातभराचं काम होतं तुमचं. एक वाक्य बोलायचं होतं. पोरगं चुकलंय म्हणायचं होतं.

मला काही वाटलं नसतं, सर.

तुमच्या विद्यार्थ्याचा शेवटचा नमस्कार.