रिकाम्या डब्यांवरची फुलं

वाचनालयातले तिन्ही कॉम्प्युटर बंद पडले, तेव्हा मी सरळ भंगारवाल्याला बोलावणार होते. दुरुस्ती करणारे जाधवकाका म्हणाले, "थांबा बाई, तिघांचा मिळून एक होतोय का बघू." एकाची रॅम, दुसऱ्याची हार्ड डिस्क, असं कामाचं सगळं काढून त्यांनी तिसऱ्यात बसवलं. दोन दिवस खपल्यावर पडदा उजळला. पंखा जरा कण्हत होता, पण फिरत होता.

मला सासूबाई आठवल्या. शेवटी त्यांना दिसत नव्हतं, पण फोडणी करपायला लागली की आतल्या खोलीतून पहिली हाक त्यांचीच यायची. तरी मी पाहुण्यांना सांगायचे, "आता त्यांच्याच्यानं काही होत नाही."

खंडेनवमीला मी त्या चालू कॉम्प्युटरला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. काकांनी ताटातली आणखी दोन फुलं उचलून कोपऱ्यातल्या उरलेल्या दोन कॉम्प्युटरांच्या रिकाम्या डब्यांवर ठेवली.

"काका, त्यांच्यात आता काय आहे?"

"काही नाही. सगळं देऊन बसलेत."

मी कुंकवात पुन्हा बोट बुडवलं.