सतरा नंबरचं नाटक

नाटकवाले त्यांना डॉक्टर म्हणत. आयुष्यात त्यांनी कुणाला साधी गोळी दिली नव्हती. दुसऱ्यांची आजारी नाटकं बरी करायचे, म्हणून डॉक्टर. लिहायचे इंग्रजीत. स्वतःची अकरा नाटकं, त्यांतली रंगमंचावर आली चार, आणि सगळ्यांत चाललेल्याचे प्रयोग झाले नऊ. नवव्याला तर प्रेक्षकांपेक्षा नटच जास्त. दुसऱ्यांची तीसेक नाटकं मात्र त्यांनी उभी केली आणि एकाही पोस्टरवर त्यांचं नाव लागलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

एकाहत्तरी आली तरी नाटकगृहाचं एक काम सुटलं नव्हतं. नवी नाटकं वाचून शेरा द्यायचा. लेखकाचं नाव ऑफिसातल्या बाईंकडे पाकिटात बंद, वाचणाऱ्याच्या हाती नुसता नंबर. नाव फुटलं की नाटक बाद. परत आलेलं नाटक दोन वर्षं पुन्हा पाठवता येत नसे. बावीस वर्षांत डॉक्टरांनी 'घ्या' असं तीनदा लिहिलं होतं. बाकी सगळ्यांना 'परत पाठवा'.

यंदा त्यांनी स्वतःचं बारावं नाटक धाडलं होतं. या वयात आता शेवटचंच. तशी बंदी नव्हती. वाचकाचं नाटक दुसऱ्या वाचकाकडे द्यायचं, एवढं जुन्या बाई ध्यानात ठेवायच्या. पण जुन्या बाई निवृत्त झाल्या आणि नव्या बाईंना हे कुणी सांगितलंच नाही.

एके सकाळी वाचायला आलेल्या नाटकाचं पाकीट फोडलं आणि डॉक्टरांनी पहिलं पान तीनदा उलटंपालटं करून बघितलं.

"काय झालं हो?" बायकोनं शेंगा निवडता निवडता विचारलं.

"माझंच माझ्याकडे आलंय. सतरा नंबर."

ती खो खो हसली. "मग लिहा की 'घ्या' आणि व्हा मोकळे!"

"अगं, असं कसं लिहू?"

"कसं म्हणजे? पेनानं."

"बाईंना सांगावं तर नाव फुटतं."

"मग सांगू नका. जन्मभर सरळ वागून कुठे मोठे दिवे लागले?"

डॉक्टर पेन्सिल शोधायला उठले. परक्याचं समजून वाचू, त्यांनी ठरवलं. चांगलं वाटलं तर 'घ्या' लिहायला लाज कसली?

त्यांची तपासायची रीत साधी होती. वाचताना जांभई आली की तिथे पेन्सिलीची रेघ. पहिला अंक झकास गेला, एके ठिकाणी तर ते स्वतःशीच हसले. दुसऱ्या अंकात नायिकेचा भाऊ आला आणि वडिलांबद्दल बोलत बसला. चाळिसाव्या पानावर जांभई आली. पुढे आणखी एक. अंक संपेपर्यंत सात रेघा. इतकं दमल्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

उपाय मात्र दहा मिनिटांत सापडला. भावानं दारापर्यंत यावं, आत येऊच नये. परक्यासाठी लिहिली असती तशीच चार पानं त्यांनी लिहिली, आणि शेवटी शेरा, 'परत पाठवा'. फार वाईट वाटलं. तरी पाकीट त्याच दिवशी टपालात टाकून आले.

आठवड्यानं पोस्टमन नाटक घेऊन दारात. बायकोनं सही केली, उघडून बघितलं आणि तिचा चेहराच पडला.

"अहो, तुम्ही 'घ्या' नव्हतं लिहिलं?"

"नाही."

"धन्य आहे तुमची! दोन वर्षांनी त्र्याहत्तरचे व्हाल, कळतंय का?" तिचे डोळे भरून आले. "लोकांची नाटकं तारलीत आणि स्वतःचं बुडवलंत."

डॉक्टरांनी चष्मा लावला. ऑफिसनं टाइप करून जोडलेली ती चार पानं, खाली कुणाचंच नाव नसलेली, ते सावकाश वाचत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "काय म्हणतोय तो तुमचा वाचणारा?"

"बरोबर म्हणतोय गं. भला माणूस आहे." त्यांनी पानं खाली ठेवली. "हा मला तिशीत भेटायला हवा होता."